दूध उतू गेलेली रेघ

नीलाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखावर निळा रंग ओला होता. लघुचित्रं काढणारी माणसं कुंचला कागदाला लावण्याआधी नखावर टेकवून पाहतात. टोक जुळलं आहे का, रंग पाणचट तर झाला नाही ना, हे नखावर कळतं. ही सवय मला तिनेच लावली होती. फोनवर तिची सून महादेवी होती. सकाळी पूजेला बसल्या त्या उठल्याच नाहीत, एवढंच ती म्हणाली आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी हात न धुताच रिक्षा केली.

बीदरच्या मैलूर भागातल्या त्या घरात, बाहेरच्या खोलीत, तिच्या लिंगायत घरच्या रीतीप्रमाणे तिला भिंतीशी बसवलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, मांडीवर बेलाची पानं, आणि डाव्या तळव्यावर इष्टलिंग. त्या हाताला कंप सुटलेला मी कधी पाहिला नव्हता. तिच्या डोक्याच्या थोडं वर, खिडकीशेजारच्या खिळ्याला, तळहाताएवढा एक कागद लटकत होता आणि त्यावर शंभर काळ्या रेघा होत्या, केसासारख्या बारीक, एकीला दुसरीचा स्पर्श नाही. गल्लीतली एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "बगा, अक्काच्या हातचं काम." महादेवीने रडता रडता मान हलवली. सासूला ती अत्ती म्हणे. "न्हाई, ते मॅडमचं हाय. अत्तींनी सोताचा कागद काढून त्यो लावलाय." खोलीतल्या बायका आदराने माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घातली आणि त्यांना ते दुःख वाटलं.

त्या शंभर रेघांपैकी एकही मी कुंचल्याने काढलेली नव्हती. हे वाक्य लिहायला मला पाच आठवडे लागले.

नीलाक्का ही कुठल्या चित्रशाळेत शिकलेली नव्हती. नवऱ्याच्या नोकरीपायी लग्नानंतरची काही वर्षं ती हैदराबादच्या जुन्या वस्तीत राहिली. शेजारी सगळे जिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत अशी एक म्हातारी होती, तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या पोथ्यांत चित्रं भरण्याचं काम चाले. संसार सांभाळून, दुपारच्या दोन तासांत, नीलाक्का तिच्याकडून लघुचित्रं शिकली. बीदरला परतल्यावर तिने त्याच दुपारी इतरांना वाटल्या. खोलीत शिरलं की आधी वास यायचा: भिजत घातलेल्या बाभळीच्या डिंकाचा, तव्यावरच्या काजळीचा, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीचा. मग आवाज… कागदांचे थर चिकटवून केलेला जाड कागद कवडीने घोटण्याचा, मांजराच्या घुरघुरीसारखा. घोटून घोटून कागद असा गार आणि गुळगुळीत होई, की गालाला लावावासा वाटे. रंग शिंपल्यांत असत. पण नवशिक्याला शिंपले मिळत नसत. नवशिक्याला मिळे एक कुंचला, काजळीची शाई आणि रेघ.

नियम साधा होता. कुंचल्याच्या शेवटच्या एका केसाने शंभर रेघा काढायच्या. कुठली तुटता कामा नये, कुठली दुसरीला लागता कामा नये. तसा कागद जमला की शिंपले हाती येत. आणि तो कागद खिळ्यावरच्या कागदाहून सरस ठरला, तर खिळ्यावर चढे. खिळ्यावर एका वेळी एकच कागद राही, आणि त्याहून चांगला आल्याखेरीज तो उतरत नसे. मी शिकायला गेले तेव्हा तिथे नीलाक्काचा स्वतःचा कागद होता, तिच्या खालाने पसंत केलेला, कडांनी पिवळा पडलेला. पहिल्याच दिवशी तिने मला जवळ बोलावून बासष्टावी रेघ दाखवली होती. मधोमध तिला तिळाएवढा बाक होता. "हितं दूध उतू गेलं," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. "उठले न्हाई. रेघ पुरी केली, मग उठले. सासू लई बोलली मला."

मी तेव्हा निवृत्तीला टेकलेली, महाविद्यालयात मराठी शिकवणारी, दोन कवितासंग्रहांची धनीण होते. पहिल्या खर्ड्यालाच वाहवा मिळण्याची मला सवय होती. तिसऱ्या संग्रहाचं मुखपृष्ठ मीच रंगवणार, डाळिंबाच्या फांदीवर बसलेला पोपट, असं मी प्रकाशकांना कळवून बसले होते. स्टाफरूममध्येही सांगून झालं होतं. आणि इथे आठ महिने मी रेघेवरच होते. माझी रेघ सुरू व्हायची धिटाईने आणि दोन बोटांवर जाऊन थरथरायची. "घाई कामून करायलीस, बाई?" नीलाक्का पाठीमागून म्हणे. "कविता लिवायलीस का रेघ वढायलीस? श्वास आत हाय तुझा. त्याला भाईर सोड, त्याच्या संगं रेघ सोड." मग खालाचे शब्द तिच्याच दख्खनीत, तिच्याच ठेक्यात: "हाथ कू नै, सांस कू सिखाव." मला ते वाक्य फार आवडे. मी ते वहीत टिपून ठेवलं. हाताला मात्र ते माहीत नव्हतं.

माझ्या शेजारी कस्तुराबाई बसायची. ती कोहिनूर गावची, शेतकरी घरातली. लेक बीदरला नर्सिंग शिकत होती म्हणून अक्काच्या मागच्या खोलीत दोघी भाड्याने राहात. भांडी आवरून, हात लुगड्याला पुसत ती येऊन मांडी घाली. तुरी कापून, भाकरी थापून जाड झालेली तिची बोटं कुंचल्याभोवती अशी बसत, जणू एखादं पिल्लू धरलं आहे. तिला दीड वर्ष झालं होतं आणि ती सत्तर रेघांच्या पुढे पोचली होती. सत्तर, बहात्तर, एकदा एक्क्याऐंशी. रेघ तुटली की ती मुकाट्याने नवा कागद घेई. "आज पावसानं वढ दिली," एवढंच म्हणे. मला तिची चिकाटी थोडी केविलवाणी वाटे… हेही लिहिलं पाहिजे.

एका दुपारी प्रकाशकांचा फोन आला, चित्र कुठवर आलं म्हणून. त्याच संध्याकाळी मी इंजिनिअरिंगची मुलं जिथे सामान घेतात त्या दुकानात गेले आणि सर्वांत बारीक टोकाचं पेन घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर, पट्टी लावून, चहा गार व्हायच्या आत शंभर रेघा झाल्या. एकही थरथरली नाही. मग मी कागद नाकाशी नेला आणि माझ्या लक्षात आलं, की त्याला काजळीचा वास नाही. अक्का प्रत्येक कागद हुंगून पाही. म्हणून मी काजळीची शाई अंगठ्याला लावली आणि कोपऱ्यात ठसा उमटवला, कामाच्या भरात लागावा तसा, थोडा तिरका. त्या ठशासाठी मी तीन वेळा रद्दी कागदावर सराव केला होता.

नीलाक्काच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. तिने कागद खिडकीपाशी नेला, जवळ धरला, लांब धरला, हुंगला, बोटाचं टोक त्यावरून अगदी हळू फिरवलं. मग स्टुलावर चढून तिने खिळ्यावरचा स्वतःचा कागद काढला. मी "अक्का, राहू द्या की," असं काहीतरी पुटपुटले. "माझ्या कागदात दूध उतू गेलंय," ती म्हणाली. "ह्याच्यात काहीच झालं न्हाई." मी ते कौतुक म्हणून ऐकलं.

कस्तुराबाई उठून खिळ्यापाशी गेली. ती त्या रेघांकडे पाहात राहिली, मग तिने आपली बोटं उलटीसुलटी करून पाहिली. "आमची बोटं भाकरीची, मॅडम," ती हसून म्हणाली. पुढच्या महिनाभरात तिचं येणं कमी झालं, मग थांबलं. त्यांच्या भाड्याचं वर्ष अजून सरलं नव्हतं, म्हणून ती तिथेच राहात होती. आम्ही रंग कालवत असू आणि ती धुण्याची बादली घेऊन दारावरून जाई, आत न पाहता. अक्का एकदा म्हणाली, "कस्तुरानं कामून सोडलं गं? तिचा हात बसायला लागला हुता की." मी शिंपल्यातला हिरवा रंग ढवळत राहिले.

मला शिंपले मिळाले, पण हात तोच होता. पोपटाची चोच अशी डगमगली, की अक्काने कुंचला माझ्या हातातून घेतला. "कागदावर तर हात असा न्हाई लागला तुझा," ती गोंधळून म्हणाली. रंग जड असतो ना अक्का, शाई हलकी, असं मी समजावलं. आणि ज्या बाईने चाळीस वर्षं रंग घोटले होते तिने ते ऐकून घेतलं. संग्रह निघाला. चोच तिची होती, पिसांवरच्या बारीक रेघाही बऱ्याच तिच्या. आतल्या पानावर मुखपृष्ठकार म्हणून माझं नाव होतं. तिला प्रत दिली तेव्हा तिने तीही हुंगली.

त्यानंतर मी घरी, रोज सकाळी, दार लावून कुंचल्याने रेघा काढू लागले. पश्चात्तापाचं मोठं नाव त्याला देणार नाही. आपण पकडले जाऊ याचं भय होतं ते. पण शिकणं तेव्हाच सुरू झालं. करंगळी कागदावर टेकली की मनगट थांबतं. कुंचला उभा धरला तर एकच केस बोलतो. रंग नखावर निथळू द्यायचा आणि श्वास अर्धा गेला की रेघ सोडायची. पहिल्या वर्षी तीस रेघा साधल्या, दुसऱ्या वर्षी पंचावन्न. एखादी रेघ अशी सुटे, की अंगावर काटा येई आणि धावत जाऊन अक्काला दाखवावंसं वाटे. पण दाखवणार काय? माझा शंभराचा कागद तिच्या भिंतीवर होता. पंचावन्न रेघा घेऊन मी कुठल्या तोंडाने जाणार होते?

तिला शेवटची भेटले ते सांगायचं ठरवूनच. तेव्हा तिला जवळजवळ दिसत नव्हतं. ती खाटेवर बसून रिकामी कवडी मांडीवर घासत होती. मी "अक्का, एक बोलायचं होतं," असं म्हटलं. "थांब, आधी माझं," म्हणून तिने उशाखालून एक कापडी सुरळी काढली. आत खालाचा कुंचला होता, खारीच्या शेपटीच्या केसांचा, बोरूच्या दांडीचा. "कस्तुराला द्यावा म्हणत हुते. तिनं तर सोडलं. आता तूच ने." मग तिने माझा हात चाचपला, नख अंगठ्याने घासून पाहिलं, रंग लागला आहे का म्हणून. "काय बोलायचं हुतं?"

मी म्हटलं, "काही नाही, अक्का. तब्येत जपा."

अक्काचे दिवस झाल्यावर मी कोहिनूरला गेले. कस्तुराबाई मागेच गावी परतली होती. ती अंगणात सुपात तूर पाखडत होती. मला पाहून तिने पोतं अंथरलं, पाणी दिलं, अक्काची बातमी लेकीने फोनवर सांगितली म्हणाली. मी कुंचला तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं: पेन, पट्टी, अंगठा. ती पाखडत राहिली. सुपाचा आवाज थांबला तेव्हा मी वर पाहिलं.

"म्या दोन वर्सं हेच मानलं की बोटंच जाड हायेत माझी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. सूप खाली ठेवून पुढे म्हणाली, "अक्का हुत्या तवा सांगायचं हुतं, मॅडम. आता मला सांगून कुणाचं वझं हलकं करायलाव?"

तिने कुंचला उचलला, केस ओठांत धरून ओले केले, टोक जुळवलं, उजेडात पाहिलं आणि कोनाड्यात ठेवला. मी उठले तेव्हा तिने विचारलं, "अक्काचा कागद कुठाय? दूध उतू गेलेला?"

मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तो कागद कुठे गेला, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता.

मी पुन्हा मैलूरला गेले तेव्हा महादेवीने अक्काच्या मेजाचा खण उघडून दिला. शिंपले, कवड्या, डिंकाची पुडी, आणि तळाशी तो कागद. आधी ओळखू आला नाही. खिळ्यावरून उतरल्यापासून नीलाक्का त्याच्या कडांना कुंचला पुसत आली होती. चारी बाजूंनी रंगांचे थर चढले होते: डाळिंबी, हरताळाचा पिवळा, निळीचे कितीतरी फटकारे, आणि एका कोपऱ्यात माझ्या पोपटाचा हिरवा. मधला रेघांचा भाग तेवढा तिने मोकळा सोडला होता. मी महादेवीला तिथेच सगळं सांगितलं. ती खाटेच्या कडेवर बसली आणि खिळ्याकडे बघत म्हणाली, "काढा मग तुमचा. म्या काढणार न्हाई, तुमीच काढा."

मी स्टुलावर चढले. माझा कागद आता माझ्या मेजावर आहे. त्याच्या कोपऱ्यातला अंगठा तेवढा माझ्या हाताने उमटलेला. बाकी सगळं पट्टीचं. त्याच्याशेजारी मी रोज रेघा काढते. काल अडुसष्टावी तुटली.

मैलूरच्या खोलीत खिळ्यावर पुन्हा नीलाक्काचा कागद आहे. दुपारचं ऊन खिडकीतून त्यावर तिरपं येतं तेव्हा शाईच्या कडा किंचित उठून दिसतात, प्रत्येक रेघ मध्ये जरा भरते आणि शेवटाला विरते. तो पुन्हा लावला त्या दिवशी मी रेघा वरून खाली मोजत गेले, बोट न लावता. बासष्टावीपाशी तिळाएवढा बाक आला. तिथे हैदराबादच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं, सासू हाका मारत होती, आणि एक तरुण मुलगी श्वास सोडत, जागची न हलता, रेघ पुरी करत होती.