सासऱ्याच्या नावाचं दूध

सकाळी दूधवाल्याची मोटारसायकल दारात थांबली की एक घटना मला अजूनही आठवते. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, पांढुर्ण्याच्या गोटमारीचे, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेचे बंदोबस्त पुष्कळ पाहिले. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. हे प्रकरण मात्र तसंच राहिलं. त्यातला खबऱ्या एक चिडका म्हातारा होता, आणि आपण पोलिसांना खबर देतो आहोत हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

निवृत्तीच्या आधी काही वर्षं मी मध्य प्रदेशात सौंसरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माझं आजोळ पांढुर्ण्याचं, त्यामुळे तिथलं बोलणं मला नवं नव्हतं. आमच्या रोजच्या नोंदीचा रोजनामचा हिंदीत, जबाब हिंदीत आणि भांडणं मराठीत. एखादी बाई तावातावानं मराठीत सांगायची आणि मुन्शी मान खाली घालून ते हिंदीत उतरवायचा. या उतरवण्यात बरंच काही गळून जातं, म्हणून लोकांचं बोलणं शक्यतो मी स्वतः ऐकत असे.

बाजाराचा दिवस होता. रामाकोन्याकडची एक बाई तान्हा मुलगा आणि चार-पाच वर्षांची मुलगी घेऊन बाजाराला आली होती. संत्रा तोडायच्या कामावर जाणारी, कष्टाची बाई. परतीच्या बसची वाट पाहताना मुलगी गर्दीत दिसेनाशी झाली. बाईनं तान्हं मूल शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या मांडीवर दिलं, "धरा बाई जरा" म्हणाली आणि मुलीला शोधायला धावली. मुलगी फुटाण्याच्या गाडीपाशी सापडली. परत येऊन पाहते तर बाकडं रिकामं. अनोळखी बाईकडे मूल दिलंच कसं, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. देतात. आमच्याकडे बसस्टँडवरची निम्मी पोरं दुसऱ्याच्याच मांडीवर असतात, आणि आजवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

अपहरणाचा गुन्हा नोंदवला. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात तोंडाला दुपट्टा बांधलेली बाई मूल छातीशी धरून ऑटोंकडे जाताना दिसली, त्यापुढे काही नाही. जामसावळीला हनुमानाच्या दर्शनासाठी बाहेरगावचे लोक सारखे येतात, म्हणून आधी बाहेरच्या टोळीचा संशय धरला. नागपूरच्या आणि छिंदवाड्याच्या रस्त्यावर नाकाबंदी केली, लॉज तपासले. हाती काही लागलं नाही.

मुलाची आई रोज सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसायची. रडायची नाही, कोणाला काही विचारायची नाही. आमची महिला शिपाई मधूनमधून तिला आतल्या खोलीत न्यायची. काय चाललंय म्हणून मी एकदा विचारलं, तर शिपाई खाली बघत म्हणाली, "सर, दूध काढून टाकते ती. नाई काढलं तं आटून जाईन म्हणते."

दुपारी ती बाई स्वतःच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "साहेब, मी आटू देत नाई. तुम्ही फकत त्याले लवकर आना."

आटलेलं दूध परत आणणं किती कठीण, हे संसारी माणसाला सांगावं लागत नाही. आम्हाला मूल शोधायचं होतंच, पण त्या बाईच्या अंगातलं दूध आटायच्या आत शोधायचं होतं.

मग मी दुधाच्याच बाजूनं विचार सुरू केला. मूल कोणीही नेलेलं असो, त्याला काहीतरी पाजावं लागणारच. मेडिकलवाल्यांना विचारलं की डब्याचं दूध कोणी नवीन गिऱ्हाईक नेतं का. नेहमीचीच घरं निघाली. मग दूधवाल्यांना विचारलं, अचानक कोणी दूध वाढवलं का. अशी घरं बरीच मिळाली आणि माझी माणसं दारोदार फिरली. एका घरी नवा जावई आलेला होता आणि त्याला जाड सायीचं म्हशीचंच दूध लागायचं. एका घरातला मुलगा भरतीसाठी पळायला जायचा आणि आल्यावर तांब्याभर कच्चं दूध घटाघटा प्यायचा. एका मास्तरांना पित्ताचा त्रास, ते थंड दूध घ्यायचे आणि साय दिसली तर बायकोवर ओरडायचे. मजुरांच्या वस्तीत बहुतेक घरी कोरा चहा. दूध आणलंच तर पाहुण्यापुरतं. कोण कसलं दूध पितं यावरून त्याची ऐपत, वय आणि दुखणं तिन्ही कळतात, एवढं मला त्या चौकशीत समजलं. मुलाचा पत्ता मात्र लागला नाही.

अशात एका सकाळी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ ठाण्यात आले. डोक्यावर पांढरी टोपी, चेहरा रागानं लाल.

"साहेब, रपट लिहा."

"कोणाविरुद्ध, आबाजी?"

"सुनेच्या. माह्या नावानं घरी रोज दूध येते, अन् मले कोरीच चाय भेटते."

सगळं ठाणं हसलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसलं असेल. मुन्शी म्हणाला, "आबाजी, याले कलम कोणती लावू?"

"ते तू पाय. शिकलेला तू हाय का मी?"

मी त्यांना बसवलं आणि चहा मागवला. म्हातारा माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याला बहुधा न्याय नको असतो, ऐकणारा हवा असतो. आबाजी सांगू लागले. "आमच्या कोठ्यात गाई-म्हशी होत्या, साहेब. पोरगा कंपनीत लागला नागपूरले, ढोरं इकून टाकले. आता दूध इकत. मी म्हटलं सूनबाई, मले गिलासभर दूध देत जाय. तं म्हणे मामाजी, महाग झालं. बरं बाप्पा, नाई तं नाई. अन् काल तो गवळी मलेच इचारते, का आबाजी, दुधातली दवाई लागू पडली का? मी म्हटलं, कोणती दवाई? तं म्हणे, तुमची सून तुमच्या दवाईसाठी एकाच गाईचं दूध नेते ना, अलग कॅनमंदी, माप तेच जुनं."

माझं हसू तिथंच थांबलं. "काय म्हणालात? एकाच गाईचं?"

"हो. लाल गाईचं. एकीचंच पायजे म्हणते. मिसळलेलं चालत नाई."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. चहाला, दह्याला, खव्याला कोणी एका गाईचं दूध मागत नाही. गवळ्याच्या कॅनमध्ये सगळ्या गोठ्याचं दूध एक झालेलं असतं आणि आपण ते बिनतक्रार पितो. 'एकीचंच दूध' आमच्याकडच्या बायका मागतात ते तान्हं मूल वरच्या दुधावर असलं म्हणजे. दहा गाईंचं मिसळलेलं दूध कोवळ्या पोटाला बाधतं, अशी जुनी समजूत. डॉक्टर आता म्हणतात की इतक्या लहान मुलाला गाईचं दूध देऊच नका, एकीचंही नको आणि दहांचंही. पण डब्याच्या दुधावर अजून पुष्कळांचा भरवसा बसत नाही. माझा धाकटा मुलगा तान्हा असताना त्याची आई आजारी पडली, तेव्हा माझी आई रोज गवळ्याला दारात उभं करून शपथ घालायची, "एकीचंच आहे ना रे?" तो शब्द माझ्या कानात बसलेला होता. आम्ही जास्त दूध कोण घेतं ते विचारत फिरलो होतो. वेगळं दूध कोण घेतं, हे विचारायला हवं होतं.

तरी मी घाई केली नाही. वैद्यही कधी औषधाला एका गाईचं दूध सांगतात. पण मग ते औषध आबाजींच्या पोटात जायला हवं होतं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो. महिला शिपायाला साध्या साडीत बरोबर घेतलं आणि आबाजींना जीपमधून घरी सोडायला आलो आहोत, असंच दाखवलं. आबाजी पुढच्या सीटवर ऐटीत बसले होते. पोलीस सुनेला चांगली समज देणार, अशी त्यांची खात्री होती.

सून तिशीतली, नीटनेटकी, बोलायला मऊ. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा केला. चहा कोरा होता.

"दूध संपलं का?" मी विचारलं.

"हो साहेब. मांजरीनं सांडवलं."

"कालचं?"

"कालच्या दुधाची खीर केली होती."

"कोणती खीर?" आबाजी खाटेवरून म्हणाले. "मले तं नाई देल्ली."

मग ती म्हणाली की खीर थोडीच होती, बाकीचं दूध शेजारणीला दिलं. खऱ्या गोष्टीला बहुधा एक कारण असतं. खोट्याला तीन-तीन लागतात. पण मी आवाज चढवला नाही. दमदाटीनं ती गप्प झाली असती, आणि मूल कुठं आहे ते तिलाच ठाऊक होतं.

महिला शिपाई चहाचा कप घेऊन तिच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसली. कोण कुठली, माहेर कोणतं, अशा इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग शेजारणीनं विचारावं तसं तिनं विचारलं, "ताई, पाणी किती टाकता दुधात? निरं दूध लेकराले पचत नाई."

"आधं टाकतो. वावडिंग टाकून उकळतो," सून म्हणाली, आणि हातातलं भांडं तसंच धरून बसली.

"लेकराले?" आबाजींनी विचारलं. "कोणाचं लेकरू?"

सूनबाईनं पदर तोंडाला लावला आणि सगळं सांगितलं. तिच्या धाकट्या बहिणीचं मूल यंदाही पोटातच गेलं होतं. सासरच्यांनी तिला आणून सोडलं होतं आणि नवऱ्याचं दुसरं लग्न करण्याची भाषा चालली होती. ती गावाबाहेर यांच्याच संत्र्याच्या बागेतल्या खोलीत राहत होती. त्या दिवशी बसस्टँडवर सूनबाई स्वतःच होती, तोंडाला दुपट्टा होता तो उन्हासाठी. मनात काही नव्हतं. "त्या बाईनं मांडीवर टाकलं अन् त्यानं माहं बोट धरलं, साहेब. मले वाटलं देवानंच देलं." मुन्शीनं नंतर हे वाक्य हिंदीत लिहिलं तेव्हा त्यात काही जीव राहिला नाही.

आम्ही बागेत गेलो. बहीण खोलीच्या दारात बसून वाटी-चमच्यानं मुलाला पाजत होती. आम्हाला पाहून ती उठली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "टाइम हाय त्याचा. पुरं पाजू द्या."

महिला शिपाई खाली बसली. "त्याची माय पाजन, ताई. ती थांबून हाय."

"तिले दूध हाय अजून?"

"हाय."

तिनं वाटी खाली ठेवली, मुलाचं तोंड पदरानं पुसलं आणि मूल शिपायाच्या हातात दिलं. मी तिच्यावर फार राग घेऊन गेलो होतो. तो तिथं टिकला नाही.

ठाण्यात आईनं मुलाला घेतलं ते सरळ पदराखाली. त्यानं तोंड फिरवलं. त्याला चमच्याची सवय लागली होती. त्यानं पुन्हा तोंड फिरवलं आणि रडू लागला. मुन्शीनं आपली खुर्ची भिंतीकडे वळवली आणि उगाच कागद चाळत बसला. "घे बाबू, घे," ती म्हणत होती, "तुह्यासाठीच ठेवलं मी." बऱ्याच वेळानं रडणं थांबलं. मग त्याचा घोट घेण्याचा आवाज आला आणि आमची महिला शिपाई बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली. मीही डोळे पुसले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मुलाची तपासणी झाली. पोट थोडं बिघडलं होतं, बाकी मूल धडधाकट होतं. दोघी बहिणींना अटक केली, कोर्टात हजर केलं. कायद्यानं जे करायचं ते मी केलं, आणि आज पुन्हा वेळ आली तरी तेच करीन. त्या प्रकरणानंतर एक सवय मात्र लागली. ठाण्यात कोणी फालतू वाटणारी तक्रार घेऊन आलं की मी आधी त्याला पूर्ण बोलू द्यायचो. माणसं आपलं दुखणं सांगायला येतात आणि बोलता बोलता सगळं घर आपल्यासमोर मांडून जातात. ऐकणाऱ्याचं काम होऊन जातं. सांगणाऱ्याला त्याची काय किंमत पडते, हे मला आबाजींनी दाखवलं.

सूनबाईला जामीन मिळायचा होता तेव्हा ते पुन्हा आले. या वेळी चेहऱ्यावर राग नव्हता. टोपी हातात होती.

"साहेब, मी रपट वापस घेतो. मले दूध नको. कोरी चाय चालते मले. सुनेले सोडा."

"आबाजी," मी म्हणालो, "तुमची तक्रार आम्ही लिहिलीच नव्हती."

"मंग तिले कायले नेलं?"

मी समजावलं. मूल, त्याची आई, कायदा, सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं असं मला वाटलं नाही. तेवढ्यात चहा आला. ठाण्याचा चहा, भरपूर दुधाचा. आबाजींनी कपाकडे पाहिलं, तो हळूच माझ्याकडे सरकवला आणि काठी टेकत उठले.