आत्याने ठरवलेला नंबर

"नंबर जरा कमीच लिवा, दादा," आत्या कंपाउंडरला हळूच सांगत होती. आत्याचं हळूच बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येतं.

माझा चष्मा कायमचा घालवायला धसईहून दोन बस बदलून आम्ही शहापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आलो होतो. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं आणि आत्या सगळ्यांना माझ्या चष्म्याचा नंबर चार सांगायची. आमच्याकडे मुलीची उंची दोन बोटं वाढवतात, तसा नंबर दोनाने उतरवतात.

चष्मा मलाही नकोच होता, पण स्थळांसाठी नव्हे. सकाळी उशीखाली न चाचपडता घड्याळ दिसावं, एवढंच. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी ठाण्याहून आलेला तपासणीचा कागद उघडला. "बुबुळावरचा पडदा पातळ आहे. नेहमीच्या लेझरला त्याचा पापुद्रा कापून उचलावा लागतो, ते हिला चालणार नाही. दोन मार्ग उरतात. वरची नाजूक साय खरवडून तिथेच लेझर द्यायचा. तीन-चार दिवस डोळे चुरचुरतील, स्पष्ट दिसायला काही आठवडे जातील. नाहीतर डोळ्याच्या आत भिंग बसवायचं."

"साल काढनार? बटाट्यागत?" आत्याने स्वतःचेच डोळे मिटून घेतले. "नको बाय! आतलंच बसवा. आतलं कोनाला दिसत नाय."

"दोन्हीला अट एकच. नंबर वर्षभर हललेला नसावा, नाहीतर पुन्हा चष्मा लागेल."

"हिचा चारावर बसलाय. दोन वरीस हलला नाय."

"मशीन सहा सांगतंय."

"मशीन काल आलं, डॉक्टर. मी पोरीला जन्मापासनं वळखते."

"जुना कागद?"

"उंदरांनी खाल्ला."

डॉक्टरांनी हसू दाबलं आणि ते माझ्याकडे वळले. "तूच सांग. हलला नसेल तर पुढच्या महिन्यात ऑपरेशनला ठाण्याला पाठवतो."

पुढच्या महिन्यात! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. शिवाय दवाखान्यात दुखणं माझं आणि बोलणं मोठ्यांचं, ही आमच्या घरची पद्धत. माझा तापसुद्धा आजवर दुसऱ्यांनीच सांगितला होता. आत्याने टेबलाखालून माझा पाय दाबला.

"गेल्या दिवाळीत साडेचार होता, डॉक्टर," मी म्हणाले. "आता सहा झालाय. मी थांबते."