शेवटची ओळ

काळेवाडीत आमच्या घरासमोरच्या ओट्यावर एक बँडवाला रोज संध्याकाळी ट्रंपेटवर एका अभंगाचा सराव करी. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कंपनीतली पाळी संपवून आला की आधी गाल चोळायचा, मग शर्टाच्या टोकानं ट्रंपेटचं तोंड पुसायचा. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांनी त्याला बजावलं होतं, "मला स्मशानात रडत नाही, वाजवत न्यायचं. पण अभंग बिनचूक बसल्याशिवाय मी निघणार नाही."

तो रोज शेवटच्या ओळीवर अडखळे. वडील खिडकीतून म्हणत, "चुकला. उद्या परत." ती ओळ येईपर्यंत मी दाराआड श्वास रोखून उभा असे. आज जमलं तर?

न राहवून एकदा मी त्याला विचारलं, "शेवट फार अवघड आहे का हो?"

तो ट्रंपेट पुसत राहिला. "न्हाई भाऊ, सोपा हाय. पन बरोबर वाजवला तर म्हातारं थांबंल का?"

पुढे एका सकाळी वडील गेले. अंत्ययात्रेत तो माझ्यापुढे वाजवत चालला होता. शेवटची ओळ आली तसा मी सवयीनं श्वास रोखला.

तो चुकला नाही. हातातलं विस्तवाचं मडकं सांभाळत मी त्याच्यामागे चालत राहिलो.