टळ संद करा

"मला वाचता येत नाही, हे मला वाचून दाखवलं होतं," असं ती एकदा म्हणाली. हसत म्हणाली, फडकं पिळता पिळता. ऐकणाऱ्यांनाही हसू आलं. बादलीतलं पाणी काळं होत गेलं.

शाळेत ती शिपाई आहे. मुलं तिला मावशी म्हणतात. पहिलीच्या बाई मात्र तिला 'सदके' अशी हाक मारतात. ते नाव कुठून आलं, हे त्या दोघींखेरीज कुणाला ठाऊक नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वी ती याच बाईंच्या वर्गात शिकायला बसली होती. घर कारखान्यामागच्या वस्तीत, आणि घरची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी. बाप कामामागे फिरत राहिला, म्हणून तिचं नाव घातलं तेव्हा वर्ष निम्मं सरलं होतं. बाकीच्या पोरांनी बाईंच्या पाठोपाठ ओरडून अक्षरं घोटली होती. उशिरा आलेल्या एकीसाठी पुन्हा 'अ'पासून सुरू करायला बाईंना सवड नव्हती. त्यांनी तिला मागच्या भिंतीशी बसवलं. "बघ आणि शीक," म्हणाल्या.

भिंतीवर अक्षरं रंगवलेली. प्रत्येक अक्षराशेजारी एक चित्र. बाईंनी स्वतः, सुट्टीत येऊन, शिडीवर चढून काढलेलं. ती भिंत बघायला दुसऱ्या शाळांतले शिक्षक येत.

तिनं बघितलं आणि शिकली. बहुतेक चित्रांचे शब्द दोन्ही भाषांत सारख्याच अक्षरानं सुरू होत. तीन चित्रांचे तसे नव्हते. 'घ'पाशी घर होतं; घराला तिची आई जे म्हणे ते 'क'नं सुरू होई. म्हणून ते अक्षर 'क'. 'न'पाशी नळ होता. नळाचा घरचा शब्द 'ट'चा. 'ब'पाशी बदक, त्याचा 'स'चा. दीड महिन्यात तिनं एकटीनं, कुणाला न विचारता, सबंध भिंत पाठ केली. मग बाईंनी तिला पुढं बोलावून फळ्यावरचं 'बदक' वाचायला सांगितलं.

"सदक," ती खणखणीत म्हणाली.

वर्ग हसून लोळला. त्या दिवसापासून ती 'सदक' झाली. 'घर' तिनं 'कर' वाचलं, 'नख'चं 'टख' केलं. परीक्षेनंतर वाचता न येणाऱ्यांची यादी आली. ती बाईंनी वर्गात वाचून दाखवली, आणि तिची रवानगी वेगळ्या वर्गात झाली. तिथं कागदी पिशव्या चिकटवायला शिकवत. पुस्तक देत नसत. तिसऱ्या वर्षी बापानं तिला काढून घेतलं. पिशव्या काय, घरीही चिकटवता येतात.

एकोणिसाव्या वर्षी ती या शाळेत झाडायला लागली. तिला बघताच बाई म्हणाल्या, "अगं सदके, तू!" प्रेमानंच म्हणाल्या. पहिल्याच आठवड्यात तिनं मागच्या नळावरची पाटी वाचली: टळ संद करा. ती पाटी ती रोज वाचायची आणि रोज तिला वाटायचं, ही काहीतरी सरकारी भाषा असेल. एकदा एका शिक्षकानं हात धुतले, पाटीकडे बोट करून तिला दटावलं, "दिसत नाही का? नळ बंद करा!" आणि निघून गेला.

ती नळाकडे बघत राहिली. मग पाटीकडे. मग धावत वर्गात गेली आणि भिंतीसमोर उभी राहिली. तीन अक्षरं. फक्त तीन. त्या संध्याकाळी तिनं फळ्यावरचं सगळं वाचलं, नोटिसा वाचल्या, फिनेलच्या डब्यावरचं वाचलं. सांगणार कुणाला? तिला वाटलं, इतकी खुळी चूक जगात आपण एकटीनंच केली असणार. चौदा वर्षं ती गप्प राहिली. दर वर्षी ओल्या फडक्यानं ती भिंत तिनंच पुसली.

मग या वर्षी, निम्मं वर्ष सरल्यावर, त्याच वस्तीतली एक मुलगी आली. तिलाही भिंतीशी बसवलं. एका सकाळी मावशी दारावरून जात होती, आणि आतून पोरीचा आवाज आला, "टख."

वर्ग हसला. मावशीच्या हातातला खराटा पडला.

मधल्या सुट्टीत तिनं बाईंना गाठलं. "बाई, पोरगी चुकत नाहीये."

"आता तू मला शिकवणार का गं?"

"तिला 'न' दाखवा. दहा वेळा दाखवा. दहाही वेळा 'ट'च म्हणेल. मंद पोर अशी एकसारखी चुकते का?"

बाईंनी छडी घेतली. न, घ, ब. पोरीनं ट, क, स म्हटलं. उलटसुलट विचारलं, तरी तेच. मग मावशीनं घरच्या भाषेत पोरीला विचारलं, चित्रात काय आहे? पोरगी भराभर सांगत गेली. बाई हळूहळू खुर्चीत बसल्या.

"म्हणजे तू पण..."

"हो बाई. मी पण."

बाईंनी छडी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "शनिवारी बैठक आहे. पोरीचं नाव यादीत आहे. तू ये. मी बोलते."

शनिवारी मावशी चहा घेऊनच आत गेली. मुख्याध्यापक, बाई आणि बाहेरून आलेले एक तपासनीस. मावशीनं ट्रे ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: भिंत, चित्रं, आपली तीन वर्षं.

"गंमतशीर आहे," तपासनीस म्हणाले. "पण मग ही भिंत बघून किती मुलं अशी..."

"बाई," मुख्याध्यापक म्हणाले, "भिंत तुमची आहे. पुढच्या महिन्यात तिच्याच समोर तुमचा सत्कार. एकतीस वर्षांच्या याद्या तुमच्या सहीच्या. तुम्ही सांगा. चुकलंय का काही?"

बाईंनी मावशीकडे बघितलं नाही. "मुलगी संथच आहे," त्या कपात बघत म्हणाल्या. "वेगळ्या वर्गात तिची आबाळ होणार नाही."

तपासनिसांनी बिस्कीट चहात बुडवलं.

"झालं तर मग." मुख्याध्यापकांनी सही करून यादी पुढं केली. "मावशी, ही वर्गात वाचून दाखवा. वाचता येतं ना? एकदा वाचा बघू इथं, उगाच तिकडं हसं नको."

तिनं हात पुसले. कागद घेतला. सावकाश, खणखणीत आवाजात, एकही अक्षर न अडखळता वाचलं:

"खालील सालकांटा वेगळ्या वर्गात ससवण्यात येत आहे. पालकांटी टोंद क्यावी."

तपासनिसांना ठसका लागला. "अहो, हिला तर वाचताच येत नाही!" मुख्याध्यापक कपाळाला हात लावून म्हणाले. "ही काय साक्ष देणार!"

बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो आवाज त्यांनी ओळखला होता.

"सदके," त्या पुटपुटल्या.

तिनं यादी बाईंच्या पुढ्यात ठेवली, नीट, अक्षरं त्यांच्याकडं करून. त्यावर वर्गांच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला. आणि ती बाहेर पडली.