धुऱ्यावर काढलेली चप्पल

अमरावतीला उतरले तर मामा एसटी स्टँडवर आधीच हजर. मी काही म्हणायच्या आत त्यांनी भर गर्दीत वाकून माझ्या पायांना हात लावला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. लहानपणी या मानानं मी फुशारून जायची; आता पन्नाशीत अवघडायला होतं.

तिवस्याजवळच्या त्यांच्या गावी पोचताच आधी वावर (शेत) पाहायला गेलो. धुऱ्यावर (बांधावर) तेच बोराचं झाड, मामांचा तोच हुकूम, "चप्पल काढ. माय हाये ते." सुट्टीत याच काळ्या मातीत आम्ही अनवाणी हुंदडायचो. डोळे भरून आले. खाली पाहिलं, तर मामांच्या टाचेत काटा रुतलेला, रक्त येतंय, आणि स्वारी मजेत पऱ्हाटी (कपाशी) दाखवतेय! मी काटा काढायला वाकले तर पाय मागे घेतला. भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा नसतो ना!

मामांना शुगर आहे. गोळ्या घेतात, पण पायांची तपासणी म्हटली की तोंड वाकडं.

"दुखून नाही राहिलं, तं खर्च कावून करा?"

भाकर थापता थापता मामी कडाडली, "शेजारचे गुलाबरावबी असेच म्हनत. तपासाचे पैसे वाचवले, अन् मंग दवाखान्यासाठी वावर इकलं. पायबी गेला, वावरबी."

सकाळी मामा टोपी घालून तयार.

बडनेऱ्याहून गाडीत बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत ठेचा-भाकर संपली, आणि खिडकीतून दिसणाऱ्या पऱ्हाटीला नावं ठेवून झाली.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी मामांना डोळे मिटायला लावले. नायलॉनचा दोरा तळव्याला टेकला की 'हो' म्हणायचं. त्यांनी अंगठा, टाच, दोन्ही तळवे तपासले. मामा गप्पच. बऱ्याच वेळानं म्हणाले, "करा ना सुरू, बाई."

मी तोंड फिरवलं.

"पायांची जाणीव गेलीय," बाई म्हणाल्या, "पण पाय वाचतील. वेळेत आलात. आता अनवाणी चालायचं नाही, वावरातही नाही."

बाईंनी सांगितलेले मऊ बूट घेतले. किंमत ऐकून मामांनी सुस्कारा सोडला. "गुलाबरावच्या वावराहून सस्तेच हायेत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी पुन्हा वावरावर गेलो. धुऱ्याशी मी सवयीनं चप्पल काढली. मामा बुटांकडे पाहत थांबले. मग खाली बसले, मूठभर माती हातात चुरली, कपाळाला लावली.

"पायाले नाही समजत आता," ते म्हणाले. "हाताले समजते."

आणि बुटांसकट आत गेले.

परतीच्या गाडीत माझ्या तळव्यांना ती माती टोचत होती. घरी पोचेपर्यंत मी पाय धुतले नाहीत.