एकही फट नसलेलं घर

मार्लिस टोरवाल माझ्या समोर राहते. आमची ओळख जुनी, पण त्यातली बहुतेक वर्षं तिला हातोडी कुठल्या बाजूनं धरतात हेसुद्धा माहीत नव्हतं. ड्युलुथच्या या चढावर ती टपाल वाटायची. गावातलं दार न् दार तिला पाठ होतं, पण दारामागचं घर कसं उभं असतं याच्याशी तिचं देणंघेणं नव्हतं. ते खातं नवऱ्याचं, रोलंडचं. तो शिडीवर चढायचा आणि ही खाली शिडी धरून बडबड करायची.

रोलंड गेला त्याच हिवाळ्यात स्वयंपाकघरातली पाण्याची नळी गोठून फुटली. पाणी बंद करायचा मुख्य कॉक कुठे असतो ते हिला ठाऊक नव्हतं. घोटाभर पाण्यात उभी राहून तिनं फोनवर घरदुरुस्तीचा एक फोरम शोधला आणि तिथे हाका मारल्या. विनिपेगच्या बर्नी नावाच्या माणसानं लगेच उत्तर दिलं. जन्मभर लोकांची घरं तपासून निवृत्त झालेला हा माणूस. 'तळघरात जा. रस्त्याकडच्या भिंतीपाशी, गुडघ्याच्या उंचीवर बघ.' कॉक तिथेच होता.

मला विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं. मी काय, रस्ता ओलांडला की भेटतो. पण पिकतं तिथे विकत नाही.

त्या दिवसापासून मार्लिस फोरमची झाली. तिथे तिचं नाव 'टपालवाली'. सकाळच्या कॉफीबरोबर फोरम, रात्रीच्या सूपबरोबर फोरम. तिथला रिवाज असा की आधी फोटो टाका, मग बोला. त्यामुळे हिच्या घराचा कोपरा न् कोपरा, भिंतीतली चीर न् चीर त्या लोकांनी पाहिली होती. गळका नळ, कुजलेली चौकट, सगळं ती विचारून विचारून शिकली आणि स्वतःच्या हातानं केलं. मलाही तिनं जबरदस्तीनं त्यात घुसवलं, का तर तिच्या फोटोंना अंगठा द्यायला कुणीतरी हवं.

मग एका नाताळात तिची मुलगी कर्स्टन मिनियापोलिसहून आली. बरोबर जावई डग आणि दोन नाती, ब्रिन आणि धाकटी टेसा. टेसा कोट आणि टोपी घालून झोपली.

"आई, हे घर आहे की बर्फाची पेटी? पुढच्या वेळी आम्ही मोटेलमध्ये उतरू."

मार्लिसला ते फार लागलं. "माझ्या नाती माझ्याच घरात झोपतील, वेंडल," ती मला म्हणाली. "बघशील तू." आणि तिची सगळी विद्या त्या एका गोष्टीमागे लागली.

ती उदबत्ती पेटवून घरभर हिंडू लागली. खिडकीशी धरायची, दाराशी धरायची. धूर हलला की तिथे फट. फट सापडली की फोटो, फोटो टाकला की उत्तर, आणि दुसऱ्या दिवशी फट बंद. माळ्याचं ओहायोच्या एका बाईनं सांगितलं, शेकोटीचं जुनं तोंड कसं बुजवायचं ते कुणी सुतारानं, तळघराच्या भिंतीवर लाकूड टेकतं तिथल्या भेगा बर्नीनं. स्वयंपाकाच्या वासासाठी जोरदार एक्झॉस्ट पंखा आणखी कुणी सुचवला. तोही तिनं बसवला. शेवटी घरभर कुठेही धरली तरी उदबत्तीचा धूर सुतासारखा सरळ वर जाऊ लागला, आणि ती मला बोलावून बोलावून दाखवायची.

"घरालाही नाक लागतं गं," मी म्हणालो.

"तुझ्या घराला आहे ना. सगळी थंडी हुंगत बसलंय."

त्या शरदात तिच्या खिडक्यांना आतून घाम फुटू लागला. तिनं फोटो टाकला. लोकांनी ओल शोषायचं यंत्र सुचवलं, तेही तिनं आणलं. रविवारी भाजणं-शिजवणं झालं की तिचं डोकं दुखायचं. मी म्हणायचो, "फोन कमी बघ." ती म्हणायची, "तू तोंड कमी चालव." दोघंही हसायचो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला सगळे येणार ठरलं. तिनं तळघरात नातींसाठी खोली केली होती. फिकट पिवळा रंग, दोन छोटे पलंग, आणि पातळ भिंतीपलीकडे गॅसवर पाणी तापवणारी टाकी. सकाळी तिनं खोलीचा फोटो टाकला. 'आज माझ्या नाती इथे झोपणार.' मग फोन खणात ठेवला. सणाच्या दिवशी फोन बघायचा नाही, हा रोलंडचा नियम.

बाहेर बर्फ लागला होता. पहाटेपासून टर्की पक्षी ओव्हनमध्ये, वर पंखा भणभणतोय, सगळ्यांच्या आंघोळी एकापाठोपाठ, कपडे वाळवायचं यंत्र चालू. दुपारी आम्ही पोटाला तडस लागेपर्यंत जेवलो. कर्स्टन मुलींना खाली निजवून आली आणि म्हणाली, "आई, खाली किती ऊब आहे गं! टेसा तर टेकल्या टेकल्या झोपली."

मार्लिसचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही. इतकी सुखी ती रोलंड गेल्यापासून दिसली नव्हती.

मग सगळे पेंगू लागले. "टर्कीचा प्रताप," डग जांभई देत म्हणाला. ते दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. टर्की खाल्ली की झोप येते, यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. माझंही डोकं जड झालं होतं. घरी कुत्र्याला औषध द्यायचं म्हणून मी उठलो.

रस्ता ओलांडताना गार वारा लागला आणि डोकं हलकं व्हायला लागलं. मला ते जरा चमत्कारिक वाटलं. घरी जाऊन औषध दिलं आणि मार्लिसच्या फोटोला अंगठा द्यायला फोन उघडला.

फोटोखाली बर्नीचं उत्तर होतं. 'उजवीकडच्या उघड्या दारातून टाकी दिसतेय. तिच्या डोक्यावर नळांभोवतीच्या प्लास्टिकच्या चकत्या वितळल्या आहेत. टाकीचा धूर धुराड्यातून वर जात नाही, उलटा घरात येतोय. टपालवाली, सगळ्यांना घेऊन बाहेर पड. मुलींना तिथे झोपवू नकोस.'

त्याखाली उत्तरांची रांग. 'टपालवाली, आहेस का?' 'बोल गं बाई.' 'कुणाला हिचा पत्ता माहीत आहे का?' ओहायोच्या बाईनं ड्युलुथच्या अग्निशमन दलाला फोनही केला होता. त्यांनी विचारलं, घर कुठलं? तिला सांगता आलं नाही. एवढे लोक ते घर आतून ओळखत होते, पण ते कुठल्या रस्त्यावर आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं.

मी धावतच फोनवर दलाला पत्ता सांगितला. कोटसुद्धा घातला नाही. तिचं दार रबरी पट्ट्यांनी असं घट्ट बसलं होतं की खांद्यानं ढकलावं लागलं. आत डग खुर्चीत, कर्स्टन सोफ्यावर, मार्लिस जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून. पंखा भणभणतच होता.

"उठा! बाहेर चला!"

"टर्की रे, वेंडल..." डग पुटपुटला. "झोपू दे."

मी त्याच्या नडगीवर लाथ घातली आणि तळघरात उतरलो. ब्रिन कण्हत होती. टेसाचा आवाज नव्हता. तिचे गाल बर्फात खेळून आल्यासारखे गुलाबी होते, आणि विषारी धुरानं गाल असे होतात हे ऐकून असल्यानं त्या गुलाबी रंगाचीच मला भीती वाटली. दोघींना काखोटीला मारलं. जिन्यात मी कठड्याला टेकलो, तेव्हा डग धडपडत खाली आला आणि त्यानं ब्रिनला घेतलं.

बाहेर बर्फात ब्रिन ओकली आणि रडू लागली. टेसा काही रडेना. मार्लिस गुडघ्यांवर बसून तिचे तळपाय चोळत होती. "टेसा, आजीकडे बघ. बघ गं आजीकडे." दलाची गाडी आली, प्राणवायू लावला. संध्याकाळी दवाखान्यात टेसानं डोळे उघडले आणि आपले बूट कुठे आहेत विचारलं. तेव्हा कर्स्टन भिंतीला टेकून खालीच बसली.

दुसऱ्या दिवशी दलाचा माणूस घर तपासायला आला. त्यानं पंखा लावला, टाकी पेटवली, मार्लिसचीच उदबत्ती टाकीच्या धुराड्याच्या तोंडाशी धरली. धूर वर ओढला जायला हवा होता. तो आमच्या तोंडावर आला.

"पंखा हवा बाहेर फेकतो," तो म्हणाला. "तेवढी हवा घराला कुठून तरी आत घ्यावीच लागते. तुमच्याकडे एकच भोक उरलं होतं, या धुराड्याचं. त्यातून हवा यायची ती टाकीचा विषारी वायू घेऊन. त्याला रंग नाही, वास नाही."

"पण असल्या वायूसाठीचा अलार्म आहे ना?" मार्लिस म्हणाली. "त्याचा हिरवा दिवा लागतो की."

त्यानं बोळातला अलार्म काढून उलटा केला. "दिवा लागतो, पण हा आतून कधीच मेलाय. याची मुदत संपून कैक वर्षं झाली."

"तो रोलंडनं लावलाय," ती म्हणाली. अख्ख्या घरात तेवढ्याच एका वस्तूचा फोटो तिनं कधी टाकला नव्हता.

तो गेल्यावर तिनं मला विचारलं, "माझं कुठलं काम चुकलं रे?"

मी आठवून आठवून पाहिलं. "एकही नाही," म्हणालो. ते ऐकून ती जास्तच घाबरली.

आता टाकी नवी आहे, अलार्म नवे आहेत. बर्नी अजून दर आठवड्याला फोटो मागून घेतो. कर्स्टन एका शब्दानं वावगं बोलली नाही, पण नाताळात ते मोटेलमध्येच उतरले. आणि मार्लिसच्या स्वयंपाकघराची खिडकी आता कधी पूर्ण मिटत नाही. थंडी शून्याखाली वीस असली तरी चार बोटं उघडी. माझ्या घरातून पडदा हललेला दिसतो.

रोज संध्याकाळी टेसाचा फोन येतो. "आजी, खिडकी उघडी आहे ना?"

"आहे, सोन्या."

"दाखव."

मग मार्लिस फोन खिडकीच्या फटीतून बाहेर धरते, वारा ऐकू जावा म्हणून. टेसा "आला" म्हणेपर्यंत तो हात बाहेरच असतो. हातमोजा घालायचं तिच्या लक्षातच येत नाही.