मुठीने राखलेले बन

हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावाच्या आसपासचे बहुतेक माळ माझ्या डोळ्यांदेखत उघडे पडले. मग आमच्या गावाजवळचे देवीचे बन तेवढे कसे वाचले? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. देवीच्या धाकामुळे, हे त्याचे नेहमीचे उत्तर. मला ते अपुरे वाटते. धाक इतर बनांतही होता, आणि ती बने महायुद्धाच्या वर्षांत कोळशाच्या भट्ट्यांत गेली. म्हणून उत्तरादाखल मी भागूमायविषयी लिहितो.

मी त्या गावी मास्तर म्हणून गेलो, त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी ती माझ्या दारात उभी राहिली. धनगराच्या घरची, पन्नाशीची विधवा. खांद्यावर घोंगडी, हातात कापडी झोळी. बनाची राखण सटवा नावाचा म्हातारा करी, आणि त्याच्या पोटासाठी ती दर मंगळवारी घरोघर धान्य मागे. मी मोठ्या मनाने ओंजळभर ज्वारी पुढे केली. तिने झोळीचे तोंड मिटले.

“ओंजळ न्हाई, मास्तर. मूठ.”

“का? मी खुशीने देतो आहे.”

“खुशी बराबर हाय. पन उद्या तुमची बदली व्हईल. तुमच्या जागी येनारा मूठ देईल; ओंजळ देईल का?”

मी उरलेली ज्वारी डब्यात परत टाकली.

तिचे नियम दोनच होते. एका घराची एकच मूठ, आणि एकही घर सोडायचे नाही. ज्याच्या घरी ज्वारी नसे, त्याच्याकडून ती बाजरी घेई, तुरीची चुरी घेई, करडईसुद्धा घेई. “काय बी घाला, पन हात तुमचा पायजे,” असे म्हणे. स्वतःची मेंढरे तिने ऐन वैशाखातही बनात जाऊ दिली नाहीत. एकदा तिच्या पुतण्याच्या शेळ्या आत शिरल्या. त्याने कुरकुर केली, “शेळ्यांला काय कळतं, काकू?” तिने शेळ्यांना हात लावला नाही, पुतण्यालाच दिवसभर बनाच्या तोंडाशी उभे केले. “त्यांला न्हाई कळत. तुला कळतं ना? मंग तूच उभा राह्य.”

आत धावडा, मोह, बेहडा यांची दाटी होती. मोर होते. एक झरा होता, आणि तो चैत्र सरेपर्यंत आटत नसे.

मग एका वर्षी पाऊस गेला. मुठी लहान झाल्या. भागूमाय मेंढरे घेऊन कयाधू नदीच्या काठाने दूर निघून गेली, आणि मागे झोळी फिरवायचे काम मी घेतले. सटवा एक दिवस म्हणाला, “मास्तर, मी हिंगोलीला हमालीला जातो. पोट भरून न्हाई राहिलं.” मी घाबरलो. त्याच आठवड्यात गावचा सारा वसूल करणाऱ्या माली पाटलांनी दोन पोती ज्वारी देऊ केली, आणि मी ती आनंदाने स्वीकारली. इतकेच नव्हे, तर सुवाच्य अक्षरात आभाराचे पत्र लिहून दिले. त्यात एक वाक्य असे होते: ‘यापुढे बनाची राखण पाटीलसाहेबांच्या आश्रयाने चालेल.’ वाक्य मला शोभिवंत वाटले होते.

दोन महिन्यांनी भागूमाय परतली. तोवर एक पोते संपले होते. दुसरे देवीच्या देवळात उभे होते. तिने त्याला हात लावून पाहिला.

“मास्तर, पोतं आत आलं. आता मालक बी आत येईल.”

तो आला. महिनाभरात कोळशाचा ठेका घेतलेला गुत्तेदार गाड्या आणि कुऱ्हाडी घेऊन माळावर उतरला. बन पाटलांनी त्याला तोडीसाठी दिले होते. गाव धावले. निजाम सरकारचा महसुली अंमलदार, गिरदावरही आला. दफ्तरात बन कोणाच्याच नावे नव्हते. तेव्हा जो राखण चालवतो त्याचा शब्द धरायचा, असे त्याने ठरवले. पाटलांनी खिशातून माझे पत्र काढले. कारकुनाकडून ते वाचून घेऊन गिरदावर म्हणाला, “आठ रोजांनी येतो. तेव्हा फैसला.”

मी भागूमायकडे गेलो. मला वाटले होते की ती मला बोल लावेल. ती मेंढीच्या खुरातला काटा काढत राहिली, मग म्हणाली, “एक पोतं उभं हाय. एक भरायचं हाय. दोनी त्याच्या दारात नेऊन टाकू.”

दुष्काळात आठ दिवसांत पोते भरायचे होते. ती रोज फिरू लागली, आणि रोज घरटी एकच मूठ घेऊ लागली. लोक चिडले. एक बाई तोंडावर म्हणाली, “झाडं जगवून लेकरं मारती का, माय?” भागूमाय म्हणाली, “तुझ्या लेकराचीच मूठ घाल. ती लहानच असती.” त्या बाईने मुलीचा हात धरून झोळीत धान्य घातले.

सातव्या संध्याकाळी पोते चार बोटे अपुरे होते. शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवून खताच्या बदल्यात मिळालेली ज्वारी भागूमायच्या घरी होती. मी म्हणालो, “तुझ्यातली घाल ना. कोणाला कळणार आहे?”

“माझी मूठ झाली आजची.”



आठव्या दिवशी चावडीपुढे दोन्ही पोती ठेवली. गुत्तेदाराचे बैल जुंपलेलेच होते. पाटील हसले. “भागू, पोतं उनं हाय. दानाचं माप बी चोरती का?”

गिरदावराने पत्र माझ्यासमोर धरले. “मास्तर, ये खत तुमाराच है?”

पाटलांचा शब्द तालुक्यात चाले, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, “अक्षर माझे आहे. मजकूर चुकीचा आहे. असे लिहून देण्याचा अधिकार मला नव्हता.”

गिरदावराने अपुऱ्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढून उघडली. पांढरी ज्वारी, तांबडी ज्वारी, बाजरी, तुरीची चुरी, करडईचे दोन दाणे. मग पाटलांच्या पोत्यातली मूठ त्याने दुसऱ्या तळहातावर घेतली. ती सगळी एका रानाची, एकसारखी होती. त्याने दोन्ही तळहात शेजारी धरून पाहिले.  मग राखण सारे गाव चालवते असे ठरवून त्याने कारकुनाला लिहायला सांगितले: बन गावाचे सामाईक, तोड मना.

गाड्या रिकाम्या गेल्या. महिन्याच्या आत माझी बदली झाली, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. निघताना भागूमाय मेंढरांसह वाटेवर भेटली. “तिकडं खत लिहायच्या आधी कोनाला तरी इचारत जा,” एवढेच म्हणाली, आणि हसली. निजामाचे राज्य गेले त्या वर्षी ती वारल्याचे मला नरसीच्या यात्रेत आमच्या गावच्या एका माणसाकडून कळले.

माझे उत्तर असे आहे: ते बन गावातल्या प्रत्येक घराने वाचवले, कारण एका बाईने कोणालाही मुठीपेक्षा जास्त देऊ दिले नाही. पण हे उत्तर चांगल्या अक्षरात चुकीचे लिहून बसलेल्या माणसाचे आहे, आणि बदलीनंतर मी तिकडे पुन्हा गेलेलो नाही. तेव्हा वाचकांना विनंती, की माझ्यावर विसंबू नये. डोंगरकड्याला उतरावे, दोन कोस चालावे, वाटेतल्या कोणत्याही घरी बनाविषयी विचारावे, आणि खरे काय ते स्वतः पडताळून पाहावे.